आग्रहाचा लाडू

दिवाळी अंकात कडू काही लिहू नये, असा एक संकेत आहे. फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचक अंक उघडतो. त्याच्या घासात खडा घालण्याचे पाप लेखकाने करू नये, हे मलाही समजते. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगानंतर पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, अशी चाल महाराष्ट्रात पुष्कळ घरी आहे. माझा हा लेख वाचकांनी त्या कारिटासारखा मानून घ्यावा. तो जिभेला लावावा आणि मग खुशाल फराळ करावा.

मला म्हणायचे आहे ते प्रथमच सांगून टाकतो. मधुमेही माणसाचे वजन उतरत नाही, याचा सगळा दोष आपण त्याच्या जिभेला देतो. "त्यांना खाण्यावर ताबा नाही हो!" असे म्हटले की आपली सुटका झाली. मी हा दोष त्याच्या घराच्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या आणि शेजारपाजाऱ्यांच्या पदरी घालतो. मधुमेह्याच्या ताटात त्याचा 'नको' ऐकूनही वाढणारा हात प्रेमाचा असेल. पण तो जे करतो ते वाईटच आहे. आपण त्याला आग्रह म्हणतो. माझ्या मते ती बळजबरी आहे.

मी डॉक्टर नव्हे. लोणारला शाळेत मुलांना शिकवितो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. दोन्ही कामे बैठी. तेव्हा चाळिशी ओलांडताच मला मधुमेहाने गाठले, यात नवल नाही. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितले, "गोळी तुमची साखर सांभाळील, पण हा रोग मुळात हलवायचा असेल तर वजन उतरवा." त्या वेळी मी चौऱ्याऐंशी किलो होतो. आज त्र्याहत्तर आहे. या अकरा किलोंना चौदा महिने लागले. भूक सोसणे फारसे कठीण गेले नाही. कठीण गेले ते लोकांना 'नको' म्हणणे.

हा एकट्यादुकट्याचा प्रश्न असता तर मी अंकाची पाने अडविली नसती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी नसेल तर शेजारी असेल, आणि शेजारी नसेल तर लेक दिली त्या घरी असेल. या दिवाळीत तुम्ही ज्यांच्यापुढे ताट धरणार आहात, त्यांतला कोणीतरी मधुमेही असणारच.

वजन उतरण्याचा आणि मधुमेहाचा संबंध काय, हे आमच्या लोणारच्या सरोवराकडे पाहिले की चटकन कळते. या सरोवरात धारातीर्थाचे झरे आणि पावसाळ्यातले ओहोळ पाणी आणून ओततात. बाहेर वाहून जायला मात्र वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाईल तेवढेच. मागे राहतात ते क्षार. वर्षानुवर्षे साचून त्यांनी पाणी असे केले, की ते पिण्याच्या लायकीचे राहिले नाही. शरीराचेही असेच होते. येणारे अन्न जास्त आणि खर्च कमी, असे वर्षानुवर्षे चालले की उरलेली चरबी कातडीखाली मावेनाशी होते आणि आत यकृतात साचू लागते, स्वादुपिंडातही शिरते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि चरबीने वेढलेले स्वादुपिंड पुरेसे इन्सुलिन देत नाही. मग रक्तात साखर चढते.

ही साचलेली चरबी काढली तर काय होते, हे स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात पाहिले गेले. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनी ३०६ मधुमेह्यांवर हा प्रयोग केला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ साली आले. सर्वांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि कोणीही इन्सुलिन टोचून घेत नव्हते. निम्म्या लोकांची औषधे बंद करून त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचा आहार दिला आणि मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणले. एका वर्षाने त्यांच्यातील शंभरातल्या ४६ जणांची साखर औषधावाचून ताब्यात होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरविले, त्यांच्यात तर हे प्रमाण शेकडा ८६ होते. दुसऱ्या वर्षाअखेर ४६चे ३६ झाले, कारण पुष्कळांचे वजन पुन्हा चढले. आणि वजनामागोमाग रोगही परतला.

या प्रयोगातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. त्या लोकांना एकटे सोडलेले नव्हते. परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ त्यांना वरचेवर भेटत, वजन पाहत, धीर देत. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत दर पंधरवड्याला येऊन धीर देणारी परिचारिका कोण आणणार? इथे ते काम घरानेच केले पाहिजे. आणि घर काय करते? घर लाडू पुढे करते!

"पण तुम्ही कुठे जाड आहात?" हा दुसरा मारा. आपल्याकडे ज्याला चालताना धाप लागते तोच जाड. बाकीचे 'अंगाने बरे'. या समजुतीचे वाभाडे पुण्याच्या एका डॉक्टरांनी एका छायाचित्राने काढले आहेत. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो आकडा असतो, तो दोघांचाही नेमका २२.३. मात्र अंगातली चरबी मोजली तेव्हा साहेबांची निघाली शेकडा ९.१ आणि आपल्या डॉक्टरांची शेकडा २१.२. वजनकाट्याला दोघे सारखे; आतून मात्र एक सडपातळ आणि एक लठ्ठ!

हा फरक जन्मापासूनचा आहे, हेही याज्ञिकांच्याच मंडळींनी दाखविले. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली त्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे स्नायूंत कमी पडली, पण चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची रेघ खाली ओढलेली आहे. तो आकडा तेवीसपुढे गेला की वजन जास्त आणि पंचवीसपुढे गेला की स्थूल. पुरुषाची कंबर नव्वद सेंटीमीटरपुढे आणि बाईची ऐंशीपुढे गेली की धोका. 'अंगाने बरे' म्हणून ज्यांना आपण वाढीत असतो, त्यांतल्या पुष्कळांना वैद्यक स्थूल समजते.

परंतु आपल्या समाजात ढेरीला मान आहे. खात्यापित्या घरचा माणूस ढेरीवरून ओळखायचा आणि वाळलेला दिसला की दरिद्री, दुखणाईत किंवा बायकोच्या धाकातला समजायचा. माझे सहा किलो उतरले तेव्हा बाजारात लोक थांबवून विचारू लागले, "वाळले हो गुरुजी तुमी! बरं हाये ना सगळं?" एका सद्‍गृहस्थांनी तर आवाज खाली आणून 'मोठ्या डॉक्टराला' दाखविण्याचा सल्ला दिला. चौऱ्याऐंशी किलो वजन आणि साखर चढलेली, तेव्हा माझी विचारपूस कोणी केली नाही. साखर उतरली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, आणि लोक माझ्या काळजीने व्याकूळ झाले! आपणहून न उतरवता वजन घसरत असेल, तर ते दुखण्याचे लक्षण असते आणि त्याची तपासणी तातडीने झालीच पाहिजे. पण जो मेहनतीने वजन उतरवतो त्याला 'शाबास' म्हणायचे सोडून आपण दुखवट्याचे तोंड करतो, हा कुठला न्याय?

आणि मग दिवाळी येते.

"घ्या न जी, एकानं काय होते?"

"औषध घेता ना? मंग?"

"दिवाळी काय रोज रोज येते?"

आणि शेवटचा, वर्मी बसणारा बाण: "आमच्या घरचं गोड नाही लागत काय तुमाले?"

एकाने काय होते, याचा हिशेब मास्तराच्या सवयीने मांडतो. पन्नास ग्रॅमच्या बेसनाच्या लाडवात दोनशेहून अधिक कॅलरी असतात. सत्तर-पंचाहत्तर किलोंचा माणूस एक किलोमीटर चालला तर साधारण पन्नास कॅलरी खर्च होतात. आमच्या विवराच्या काठाने पुरी फेरी मारली तर ती होते सुमारे सहा किलोमीटर, म्हणजे तीनशे कॅलरी. एका लाडवाने त्या फेरीचा बहुतेक भाग गिळला. वर दोन करंज्या खाल्ल्या की दुसरी फेरी आलीच. म्हणून नुसते चालून वजन उतरेल, या भ्रमात कोणी राहू नये. चालावे, अवश्य चालावे. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तरी साखरेची उसळी बसते. पण वजन मुख्यतः ताटात उतरते. आता दिवाळीत मी दिवसाला सहा घरी गेलो तर पाच दिवसांत तीस घरे होतात. प्रत्येक घराचा लाडू एकच असतो. पोट मात्र माझेही एकच आहे. एकाने काय होते, असे विचारणाऱ्या प्रत्येक गृहिणीने आपण तिसांतल्या एक आहोत, हे ध्यानात घ्यावे.

काही मंडळी चतुर असतात. "तुमच्यासाठी मुद्दाम गुळाचे केले आहेत," असे म्हणतात. गूळही बहुतांशी साखरच. रंग पिवळा झाला आणि थोडे क्षार राहिले म्हणून रक्ताला काही फरक पडत नाही. कोणी 'शुगर फ्री' मिठाईचा डबा उघडतो. साखर नसेल, पण खवा, तूप आणि मैदा यांना माफी कोणी दिली? कोणी म्हणतो, "गोड नको तर चकली घ्या, ती काही गोड नाही." चकली तिखट असली तरी पीठ आणि तेल यांचीच बनते, आणि तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी असतात, साखरेच्या ग्रॅमला चार. उपवासाची तर कथाच निराळी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याची तुपातली खिचडी, वर शेंगदाण्याचा कूट आणि बाजूला बटाट्याचा कीस घेऊन केलेल्या एकादशीने पुण्य किती लागते हे पुराणिकांना विचारावे. वजन मात्र त्याने वाढते.

मग पथ्य कोणते? इथे आपल्या महाराष्ट्रात मोठी रणधुमाळी चालू असते. विदर्भातलेच डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा. लग्नाच्या पंगतीत दोन्ही पक्षांचे अनुयायी तावातावाने भांडताना मी पाहिले आहेत, आणि भांडताना दोघांच्याही हातात जिलबी होती! या वादात मला पडायचे नाही. माझा प्रश्न साधा आहे. दोनदा जेवायचे ठरविणाऱ्याला घर दोनदाच जेवू देते काय? चार वाजता चहा-बिस्किटांचा ट्रे त्याच्यापुढून न थांबता पुढे जातो काय? ज्या माणसाला घरातला प्रत्येक जण दिवसातून चार वेळा मोडता घालतो, त्याला जगातले कोणतेही पथ्य लाभणार नाही.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. घरचा कर्ता पुरुष मधुमेही झाला तर निदान त्याच्यापुरती ज्वारीची भाकरी थापली जाते, भाजी वेगळी निघते, "यांना साखर चालत नाही" असे पाहुण्यांना सांगायला बायको पुढे होते. पण मधुमेह बायकोला झाला तर? माझ्या पाहण्यातले एक घर सांगतो. बाई पन्नाशीच्या, साखर चढलेली, गुडघे दुखणारे. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले. सकाळी चार डबे, दुपारी सासऱ्यांचे जेवण, रात्री दहा माणसांची पंगत. सगळे उठल्यावर त्या बसतात. भाजी संपलेली, वरण तळाला गेलेले. उरलेला असतो भात आणि दोन गार पोळ्या. "टाकून कशा द्यायच्या?" म्हणून त्या खातात. फिरायला जा म्हटले तर, "अन् सयपाक कोण करन?" दिवाळीत वीस किलोंचा फराळ त्यांच्याच हातून होतो. प्रत्येक घाण्याची चव त्यांनीच पाहायची. आणि घरचे पुरुष मला सांगतात, "आमची ही काही पथ्य पाळत नाही!"

या वाक्याची मला चीड येते. ज्या बाईला स्वतःचे ताट वेळेवर वाढून घेण्याची मुभा नाही, तिच्या पथ्याची उठाठेव करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला? तिला संध्याकाळी अर्धा तास फिरायला पाठवून तेवढा वेळ चूल सांभाळा, मग बोला. तिची डाळ-भाजी सगळ्यांच्या आधी बाजूला काढून ठेवा, मग बोला. तोवर गप्प बसा.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही आमची संस्कृती बुडवायला निघालात. पाहुण्याला देव मानणारी माणसे आम्ही. मग संस्कृतीचीच साक्ष काढू. मधुमेहाचे वर्णन आपल्याकडे सुश्रुतसंहितेत फार प्राचीन काळी झालेले आहे. सुश्रुताने रोग्यांचे दोन प्रकार केले. एक जन्मजात रोगाचा, कृश. दुसरा कुपथ्याने ओढवून घेतलेल्या रोगाचा, स्थूल, खादाड आणि बैठा. कृशाला जपावे, असे तो सांगतो. स्थूल रोग्यांत जो निर्धन आहे, त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून आणि एका गावी एकच रात्र मुक्काम करून शंभर योजने चालत जावे, असा त्याचा कडक हुकूम आहे. विहीर खणण्याचाही मार्ग तो सुचवितो. एका गावी एकच रात्र का, याचे मला आता कोडे उरलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या गावचे लोक आग्रह करू लागतात!

देवाला नैवेद्य दाखवितात तेव्हा ताट पुढे ठेवतात, पाणी फिरवितात आणि हात जोडतात. देवाच्या तोंडात कोणी कोंबीत नाही. पाहुण्याला देव मानायचे असेल तर त्याच्याशीही तसेच वागावे. ताट पुढे ठेवावे आणि हात जोडावे. तो घेईल तेवढे त्याचे.

आता एक इशारा दिल्यावाचून लेखणी खाली ठेवता येत नाही, कारण माझा लेख वाचून कोणी उद्यापासून उपाशी राहिला तर ते मला नको आहे. ज्याला इन्सुलिन चालू आहे किंवा ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला हाकून इन्सुलिन काढणारी गोळी चालू आहे, त्याने डॉक्टरांना न विचारता जेवण तोडणे धोक्याचे आहे. साखर सत्तरच्या खाली गेली की घाम, थरथर, घबराट सुरू होते आणि पुढे शुद्धही हरपते. शुद्ध असेपर्यंत मात्र साखर हेच औषध. वजन उतरू लागले की औषधाची मात्राही उतरवावी लागते. ते काम डॉक्टरांचे, शेजाऱ्यांचे नव्हे. आणि जो मुळातच हाडकुळा आहे, त्याने तर वजन उतरवायचे की नाही हे आधी तपासून घ्यावे. गोळ्या उकिरड्यावर फेकून जांभळाच्या बियांच्या भुकटीवर विसंबणाऱ्यांशी माझे काही नाते नाही.

वाचकहो, तुमच्याकडे माझे मागणे थोडे आहे. या दिवाळीत कोणी 'नको' म्हणाला तर ते पहिल्या वेळेसच ऐका. दुसऱ्यांदा विचारू नका, कारण विचारू नका. पाहुण्यापुढे भरलेली बशी ठेवण्याऐवजी रिकामी बशी आणि डबा ठेवा. ज्याचे त्याने घ्यावे. लाडू लिंबाएवढे वळा. हात लहान केल्याने प्रेम लहान होत नाही. मधुमेह्याचे जेवण वेगळे रांधू नका, घरच्या सगळ्यांचेच ताट बदला: भाकरी किंवा पोळी एक कमी, डाळ, उसळ आणि पालेभाजी दुप्पट. ज्वारीची भाकरी चांगली खरी, पण तीही पीठच आहे, चार खाल्ल्या तर तीही वजन वाढवील. एकाला वेगळे वाढले की तो रोगी होतो. सगळ्यांनी तेच खाल्ले की ते नुसते जेवण होते. आमच्या घरी असे झाले, म्हणून माझे अकरा किलो उतरले. त्यांतले निम्मे श्रेय चूल सांभाळणाऱ्या दोन बायकांचे, माझ्या आईचे आणि पत्नीचे आहे. फरक एवढाच की त्याच पंगतीत, त्याच वेळी त्याही आता बसतात.

आणि भाऊबिजेला बहीण ओवाळील तेव्हा ताटातला लाडू भावाने तोंडाला लावून खाली ठेवला, तर बहिणीने रुसू नये. भाऊ पुढच्या भाऊबिजेलाही यावा, म्हणूनच ना ती ओवाळते?